विश्लेषण : खेळण्यातली मोटार १:४३ मापाचीच का? उत्तर फ्रँक हॉर्नबी यांच्या आगगाडीत

डायकास्ट मोटारी जमवणाऱ्यांच्या बोलण्यात काही आकडे सतत येतात : १:१८, १:२४, १:४३, १:६४. त्यातला १:४३ हा आकडा विचित्रच म्हणायला हवा. तो दहाच्या पटीत नाही आणि फूट-इंचांच्या बाराच्या हिशेबातही बसत नाही. तरीही जगभरातील गंभीर संग्राहकांचे हे आवडते माप आहे. ही संख्या कोणी आणि का ठरवली, याचा शोध घेत गेले की वाट लिव्हरपूलमधील एका मांस आयातदाराच्या कचेरीत पोहोचते. तिथे हिशेब लिहिणारे फ्रँक हॉर्नबी मोटारींचे शौकीन म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत. त्यांचा जीव आगगाड्या, पूल आणि क्रेनमध्ये होता.

हॉर्नबी कोण होते?

मराठी घरांत ‘मेकॅनो’ हा शब्द जवळपास सामान्यनाम झाला आहे. छिद्रे पाडलेल्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि चाके जोडून काही तरी उभे करायचे, की झाला तो मेकॅनो. मुळात ते हॉर्नबी यांच्या कंपनीचे नाव.

त्यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडिलांचा किराणा-धान्यासारख्या जिनसांचा व्यापार होता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून बसले. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. स्वावलंबनाने मोठ्या झालेल्या संशोधकांची चरित्रे मात्र त्यांनी लहानपणी आवडीने वाचली होती आणि न थांबणारे यंत्र बनवण्याचा खटाटोपही करून पाहिला होता. तो अर्थातच फसला.

१८८७ मध्ये त्यांचे क्लारा या शिक्षिकेशी लग्न झाले. पुढे रोलंड आणि डग्लस ही मुले झाली. १८९९ मध्ये वडील वारले, दुकान बंद झाले आणि हॉर्नबी डेव्हिड एलियट यांच्या मांस आयातीच्या पेढीत हिशेबनीस म्हणून रुजू झाले. वय छत्तीस, पदरी दोन मुले आणि हातात ठरावीक पगार. या टप्प्यावर बहुतेकांची कहाणी तिथेच स्थिरावते.

उसने पाच पौंड आणि एक पेटंट

मुलांसाठी ते घरीच पत्रा कापून पूल, मालगाड्या, क्रेन बनवत. अडचण अशी की प्रत्येक खेळण्याचे भाग त्या एकाच खेळण्याला उपयोगी पडत. क्रेनचा कंटाळा आला की तिचा पत्रा वाया. नाताळच्या आदल्या दिवशी रेल्वेने जाताना खिडकीतून एक क्रेन दिसली आणि उपाय सुचला, असे त्यांनी पुढे आठवणींत नोंदवले आहे. उपाय म्हणजे सगळ्या पट्ट्यांना ठरावीक अंतरावर, अर्ध्या अर्ध्या इंचाला, छिद्रे पाडायची. मग कोणतीही पट्टी कुठेही बसेल, आणि आजची क्रेन उद्या पूल होईल.

ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण खेळण्यात प्रमाणीकरण आणणारा हा विचार होता. खरे कारखाने ज्या तत्त्वावर चालत तेच मुलांच्या हाती दिले गेले. पेटंटचा खर्च परवडेना, म्हणून हॉर्नबी यांनी आपले मालक एलियट यांच्याकडून पाच पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये अर्ज केला. एलियट नुसते पैसे देऊन थांबले नाहीत. ते भागीदार झाले आणि आपल्या पेढीशेजारची रिकामी जागाही त्यांनी कामाला दिली.

पहिला संच १९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या लांबलचक नावाने बाजारात आला. त्यात सोळा प्रकारचे भाग होते. भागांचा दर्जा यथातथाच होता आणि सुरुवातीची काही वर्षे नफ्याची नव्हतीच. लिव्हरपूलमधील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या संचाची शिफारस केली, त्याचा मोठा उपयोग झाला. १९०७ मध्ये हॉर्नबी यांनी नोकरी सोडली, स्वतःचे उत्पादन सुरू केले आणि ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवले. पुढच्या वर्षी मेकॅनो लिमिटेड स्थापन झाली, पण एलियट त्यात आले नाहीत. ज्यांच्या पाच पौंडांवर हे सारे उभे राहिले त्यांना पुढच्या संपत्तीत वाटा राहिला नाही. खेळण्यांच्या इतिहासात या गृहस्थांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, हे थोडे खटकतेच.

१९१४ मध्ये कंपनी लिव्हरपूलमधील बिन्स रोड येथील मोठ्या कारखान्यात गेली. संग्राहकांच्या जगात बिन्स रोड हे दोन शब्द आजही आदराने घेतले जातात. मेकॅनोचा वापरही मुलांपुरता राहिला नाही. मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी १९३४ मध्ये अवघड गणिती समीकरणे सोडवणारे यंत्र बरेचसे मेकॅनोच्या भागांतूनच जोडले होते.

मग मोटारी कुठून आल्या?

त्या आल्या आगगाडीमागून. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधील खेळण्यांच्या बाजारावर जर्मन मालाचा पगडा होता. युद्धानंतर त्या मालाविषयी लोकांच्या मनात रोष होता आणि ती पोकळी भरायला हॉर्नबी पुढे आले. १९२० मध्ये त्यांनी किल्लीवर चालणाऱ्या ‘हॉर्नबी’ रेल्वेगाड्या आणल्या. त्या गाड्याही नट-बोल्टने जोडलेल्या, खोलून पुन्हा बांधता येणाऱ्या होत्या. पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या.

रूळ आले की स्थानक लागते, स्थानक आले की फलाटावर माणसे लागतात, हमाल लागतात, सामान लागते. ओतीव धातूच्या या छोट्या वस्तू कंपनीने ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ नावाने विकायला सुरुवात केली. स्थानकाबाहेर काही वाहनेही हवीत, या विचारातून डिसेंबर १९३३ मध्ये २२ क्रमांकाचा संच निघाला. त्यात सहा वाहने होती : एक स्पोर्ट्स मोटार, एक स्पोर्ट्स कूपे, एक ट्रक, एक डिलिव्हरी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि चक्क एक रणगाडा. रेल्वे स्थानकाबाहेर रणगाडा कशाला, हा प्रश्न तेव्हाच्या मुलांना पडला नसावा.

थोडक्यात, मोटार ही इथे पाहुणी होती. मुख्य मान आगगाडीचा होता आणि मोटार तिच्या देखाव्याचा भाग होती.

आणि १:४३?

हॉर्नबी यांच्या गाड्या ‘ओ’ गेजच्या रुळांवर धावत. या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये या गेजच्या प्रतिकृतींसाठी खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर असे प्रमाण रूढ होते. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला सातने भागले की उत्तर येते ४३.५. गूढ आकड्याचा उलगडा एवढाच : फूट ब्रिटिश, मिलिमीटर युरोपीय, आणि दोघांच्या सरमिसळीतून आलेला हा आडनिडा भागाकार. त्याच ‘ओ’ गेजसाठी जर्मनीत १:४५ आणि अमेरिकेत १:४८ हे प्रमाण वापरले जाते. हॉर्नबी जर्मन असते तर आज संग्राहकांच्या कपाटांत वेगळा आकडा असता.

सुरुवातीच्या गाड्या या मापात तंतोतंत होत्या असे मात्र नाही. काही त्याहून लहान होत्या, बसगाड्या तर बऱ्याच लहान मापात बनत. पण ब्रिटनमध्ये आणि पॅरिसजवळ बोबिन्यी येथील मेकॅनोच्या फ्रेंच कारखान्यात हे माप हळूहळू स्थिरावत गेले, इतर युरोपीय कंपन्यांनीही ते उचलले, आणि ज्यांनी कधी खेळण्यातली आगगाडी पाहिलीही नाही असे लोकही आज १:४३ च्या मोटारी शोधत असतात. आपल्याकडच्या चार मीटरच्या आत बसणाऱ्या हॅचबॅकची या मापातील प्रतिकृती नऊ-सव्वानऊ सेंटिमीटरची होते. तळहातावर सहज मावते आणि तपशीलही दिसतात, हे या मापाच्या लोकप्रियतेचे साधे कारण.

डिंकीची भरारी

एप्रिल १९३४ मध्ये या वाहनांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. नीटनेटके, गोंडस या अर्थाच्या स्कॉटिश शब्दावरून ते आले आणि हॉर्नबी कुटुंबातील सुनेच्या एका मैत्रिणीने ते सुचवले, असे सांगितले जाते.

धातूच्या ओतीव मोटारी बनवणारे हॉर्नबी पहिले नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. शिकागोची ‘टूट्सीटॉय’ कंपनी त्यांच्या बरीच आधीपासून या धंद्यात होती. डिंकीची प्रत्येक गाडी हॉर्नबी यांनी स्वतः आखली असेही नाही. तोवर ते सत्तरीत होते, श्रीमंत झाले होते आणि १९३१ ते १९३५ या काळात एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षाचे खासदारही होते. त्यांचे श्रेय वेगळे आहे. मेकॅनोने मुलांना आणि त्यांच्या वडिलांना एक सवय लावली होती : एक संच घेतला की पुढचा घ्यायचा, क्रमांक पाहायचा, नियतकालिकात नवे काय आले ते वाचायचे. ‘मेकॅनो मॅगझिन’ १९१६ पासून निघत होते. डिंकीला हा तयार वाचक आणि तयार ग्राहक मिळाला. ऑगस्ट १९३५ पर्यंत विमाने, जहाजे धरून डिंकीचे सुमारे २०० प्रकार झाले होते. क्रमांकानुसार संच पूर्ण करण्याची संग्राहकांची जी ओढ आज दिसते, तिचे मूळ या क्रमांक पद्धतीत आहे.

खऱ्या मोटारींचे काय झाले?

पहिल्या सहा वाहनांत ठरावीक कंपनीची मोटार ओळखू येत नव्हती. १९३५ च्या ३० क्रमांकाच्या मालिकेत मात्र खरी नावे आली : क्रायस्लर, रोल्स-रॉइस, डेमलर, व्हॉक्सहॉल. इथून खेळण्याला खऱ्या गाडीचा इतिहास चिकटला आणि संग्रहाचे स्वरूपच पालटले.

यातली ३०-ए क्रमांकाची ‘क्रायस्लर एअरफ्लो’ पाहण्यासारखी आहे. कार्ल ब्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेच्या बोगद्यात चाचण्या घेतल्या, तेव्हा त्या काळच्या चौकोनी मोटारी पुढे जाताना जितका वारा अडवत त्याहून कमी त्या उलट्या जाताना अडवतात असे दिसले. मग त्यांनी गोलसर नाकाची, इंजिन पुढच्या चाकांवर सरकवलेली आणि प्रवाशांना दोन आसांच्या मधे बसवणारी मोटार केली. ती १९३४ मध्ये आली. ग्राहकांना तिचा चेहरा रुचला नाही, पहिल्या गाड्यांत दोष निघाले आणि १९३७ मध्ये ती बंद पडली. तिची छाप मात्र टोयोटाच्या पहिल्या प्रवासी मोटारीवर, १९३६ च्या ‘एए’वर, स्पष्ट दिसते. गंमत अशी की डेट्रॉइटने हात टेकल्यानंतरही लिव्हरपूलची एअरफ्लो चालूच राहिली. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ नंतरही ती दुकानांत मिळत होती. खरी गाडी नापसंत, खेळणे पसंत, असे फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आले.

दुसरे उदाहरण ‘थंडरबोल्ट’चे. जॉर्ज आयस्टन यांनी सप्टेंबर १९३८ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर या गाडीने ताशी ३५७.५ मैल, म्हणजे सुमारे ५७५ किलोमीटर वेग गाठून जमिनीवरचा विक्रम केला. रोल्स-रॉइसची दोन विमानी इंजिने तिला बसवलेली होती. प्रदर्शनासाठी न्यूझीलंडला नेलेली ही गाडी तिथेच १९४६ मध्ये आगीत नष्ट झाली. डिंकीची छोटी थंडरबोल्ट मात्र आजही लिलावांत दिसते. मूळ वस्तू नाहीशी झाल्यावर तिचा आकार तळहातावर शिल्लक राहावा, हे प्रतिकृती जमवणाऱ्याला मिळणारे मोठे सुख आहे. पण डिंकीच्या बाबतीत हे सुखही पक्के नाही.

कपाटात ठेवलेली गाडी आपोआप का फुटते?

युद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांना एक असाध्य रोग आहे. सुरुवातीला शिशाचा मिश्रधातू वापरला जाई. लवकरच कंपनी ‘मॅझॅक’कडे वळली. हा जस्ताचा मिश्रधातू असून त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे असते. तो हलका आणि टणक, साच्यात बारीक तपशील उतरवणारा आणि वेगाने थंड होणारा. डायकास्टचा सगळा उद्योग त्याच्यावर उभा राहिला.

अट एकच : जस्त अत्यंत शुद्ध हवे. त्यात शिसे, कथील किंवा कॅडमियमचा अंश गेला की धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत गंज सुरू होतो. बिन्स रोडला शिशाचेही ओतकाम चाले. भट्टीत शिशाचा थोडासा भंगार तुकडा गेला तरी त्या घाण्यातल्या सगळ्या गाड्यांचे भवितव्य ठरून जाई. लक्षणे काही वर्षांनी दिसतात. आधी रंगाखाली केसासारख्या भेगा पडतात, मग गाडी फुगते, वाकते, चाके फिरेनाशी होतात, आणि शेवटी बोट लावताच तुकडे पडतात. याला संग्राहक धातूचा थकवा किंवा ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. उपचार नाही. उष्णता आणि दमट हवेने वेग वाढतो, एवढेच. मुंबई-कोकणातल्या संग्राहकाने हे विशेष लक्षात ठेवावे : कोरडे बंद कपाट, सिलिका जेल आणि उन्हापासून लांब. एका गाडीपासून दुसरीला हा रोग लागतो, हा समज मात्र खोटा आहे. दोन शेजारच्या गाड्या एकदम फुटल्या तर त्या एकाच घाण्यातल्या असण्याची शक्यता अधिक.

जुन्या मालापुरतेच हे दुखणे आहे असेही नाही. गेल्या पाव शतकातील काही महागड्या प्रतिकृतींतही निकृष्ट जस्तामुळे अशा भेगा आढळल्या आहेत.

हॉर्नबी यांना हे कळण्याआधीच ते गेले. २१ सप्टेंबर १९३६ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मधुमेहही होता. वय ७३. अदलाबदल होणारे, वर्षानुवर्षे टिकणारे भाग हा त्यांच्या धंद्याचा पाया, आणि त्यांच्या नावाशी जोडलेली सर्वात मौल्यवान वस्तू मात्र स्वतःहून विरघळणारी, असा हा योग.

नंतरची घसरण

मुलगा रोलंड अध्यक्ष झाला. युद्धानंतर डिंकीचा सुवर्णकाळ आला, पण स्पर्धकही आले. लेस्नी कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या १९५३ पासून खिशातल्या पैशांत मिळू लागल्या, तर १९५६ मध्ये आलेल्या ‘कॉर्गी’ने खिडक्यांना पारदर्शक काचा लावून डिंकीला जुनाट ठरवले. १९६४ मध्ये मेकॅनो लाइन्स ब्रदर्सकडे गेली, ते १९७१ मध्ये बुडाल्यावर ‘एअरफिक्स’कडे. नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला.

भारताशी या कहाणीचा धागा साच्यांतून जुळतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याच्या एका उत्पादकाकडे आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाली. तळावरच्या ‘डिंकी’ या नावात खाडाखोड करून ‘निकी’ केलेले असे. ओतकाम ओबडधोबड, रंग जाडाभरडा. इंग्लंडमधले संग्राहक आज त्याच गावठीपणासाठी त्या शोधतात, आणि आपल्याकडे त्या जुन्या घरांच्या माळ्यावरून भंगारात जातात.

जुनी डिंकी हाती आली तर काय पाहावे?

किमतीचा अंदाज यावा म्हणून एकच दाखला : सायकलच्या एका दुकानाची जाहिरात रंगवलेली डिंकीची युद्धपूर्व डिलिव्हरी व्हॅन २००८ मध्ये लिलावात १९ हजार ९७५ पौंडांना गेली. अशा किमतींमुळे नव्याने रंगवलेल्या आणि चक्क नकली गाड्याही भरपूर फिरतात.

चाके पाहावीत. युद्धापूर्वीच्या चाकांचा मधला भाग गुळगुळीत असतो, युद्धानंतरच्या चाकांवर गोल कड उठलेली असते. खोक्यावर फार भुलू नये. युद्धापूर्वीच्या बहुतेक साध्या मोटारी दुकानदाराकडे सहा-सहाच्या खोक्यात येत आणि सुट्या विकल्या जात. प्रत्येक मोटारीला स्वतंत्र खोके मिळाले ते पन्नाशीच्या दशकात. त्यामुळे १९३५ ची मोटार तिच्या मूळ एकटीच्या खोक्यासह मिळते आहे असे कोणी म्हणाले, तर दोनदा विचार करावा. विक्रमी थंडरबोल्टसारखे अपवाद आहेत, पण थोडे.

आणि पैसे देण्यापूर्वी गाडी उलटी करून भिंगाखाली धरावी. दरवाज्यांच्या रेषा सरळ आहेत का, चारही चाके टेबलावर टेकतात का, छत आणि खांब यांच्या सांध्यात भेग आहे का, ते तपासावे. नव्वद वर्षांनंतरही ज्या एअरफ्लोच्या अंगावर भेग नाही, तिच्या घाण्यात शिसे गेले नसावे आणि ती आणखी बरीच वर्षे टिकण्याचा संभव आहे.